वॉर्ड आणि फाटक यांच्यामधले काम

महामारीच्या काळात रुग्णालयात स्वयंसेवक होतो असे सांगितले की ऐकणारा हात जोडतो आणि मी अवघडतो, कारण मी कुणाचे प्राण वाचवलेले नाहीत. मी पिशव्या पोहोचवल्या, फोन धरले, निरोप सांगितले. मात्र ही कामे किरकोळ होती असे मी मानत नाही, आणि ती आमच्यासारख्या हौशी माणसांवर सोडून दिली गेली याबद्दलची माझी तक्रार आजही कायम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ला महामारी म्हटले. त्याच सुमारास अनेक रुग्णालयांनी नातेवाइकांना आत येण्यास मनाई केली. संसर्ग रोखायचा होता आणि पीपीई किट अपुरे होते, तेव्हा मनाईमागचे कारण रास्तच होते. परंतु रुग्णाजवळचा माणूस म्हणजे नुसता भेटायला आलेला पाहुणा नव्हे. चष्मा हातात देणारा, घास भरवणारा, ‘यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही’ हे सिस्टरना सांगणारा तोच असतो. तो फाटकाबाहेर गेला आणि त्याची कामे कुणाची, हे कुणीच ठरवले नाही.

एका आजोबांच्या कागदावर ‘गोंधळलेले’ अशी नोंद होती. प्रत्यक्षात त्यांचे श्रवणयंत्र चिकटपट्टीवर नाव लिहिलेल्या पिशवीत दोन दिवस फाटकापाशी पडून होते. मास्कमुळे बोलणाऱ्याचे ओठ दिसत नव्हते आणि नाकावाटे मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजनचा प्रवाह देऊ शकणारे हाय फ्लो यंत्र शेजारी घोंघावत होते. अशा वेळी धडधाकट कानाचा माणूसही गोंधळला असता. श्रवणयंत्र कानात बसल्यावर त्यांनी पहिली चौकशी कवळीची केली. (कवळ्या कागदी रुमालात गुंडाळून ठेवल्या जात आणि कचऱ्यासोबत जात, हे आम्हाला फार उशिरा कळले.)

व्हिडिओ कॉलसाठी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फोन असे. पालथ्या झोपवलेल्या रुग्णासमोर तो धरायचा तर जमिनीवर गुडघे टेकावे लागत आणि घरच्यांचे सगळे बोलणे आपल्याही कानांवर पडे. त्याची तयारी आमच्याकडून कुणी करून घेतली नव्हती.

माझ्या हातून झालेली चूक मात्र निरोपाची आहे. एका मुलाने ‘ऑक्सिजन किती?’ असे विचारले आणि मी मॉनिटरवर पाहिलेला रक्तातल्या ऑक्सिजनचा ९४ टक्के हा आकडा सांगून टाकला. त्याने लगेच घरी फोन लावून आनंदाची बातमी कळवली. त्याच्या वडिलांना मास्कमधून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन चालू होता, आणि नुसत्या हवेवरचे ९४ व १५ लिटरवरचे ९४ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मला संध्याकाळी एका सिस्टरने सांगितले. तोवर मला पुन्हा फाटकापाशी जाण्याचे धैर्य उरले नव्हते. माझा हेतू चांगला होता, पण त्या कुटुंबाला त्याचा काय उपयोग?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की नातेवाइकांशी बोलणे हा उपचारांचाच भाग मानून त्यासाठी पगारी, प्रशिक्षित आणि रोज ठरलेल्या वेळी फोन करणारा माणूस नेमला पाहिजे. स्वयंसेवकांनी त्याच्या हाताखाली पिशव्या पोहोचवाव्यात. ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याची घोषणा झाली, पण आम्हा स्वयंसेवकांचा मदतकक्ष त्याच्या कितीतरी आधी गुंडाळला गेला होता. त्या जागी आता चाकांच्या खुर्च्या उभ्या करून ठेवतात.