एका कुत्र्याला दोन दोऱ्या

2025 च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले आणि इंदूरच्या मराठी घरांतही दोन तट पडले. एकाचं म्हणणं, कुत्री शहराबाहेर न्या. दुसऱ्याचं, नसबंदी करा, लस टोचा आणि त्यांच्याच गल्लीत सोडा. पाळीव कुत्र्याबद्दल मात्र सगळे एकच बोलतात, ‘मुलासाठी आणलाय, जबाबदारी शिकेल.’ इंग्लंडमध्ये राहताना मला याच वाक्याची जास्त काळजी वाटते.

इथल्या 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार 16 वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि त्याच्याकडच्या कुत्र्याची जबाबदारी पालकावरच असते. साधा हिशेब करा. कुत्रा साधारण 12 वर्षं जगतो. इंदूरच्या रामबागेतल्या 8 वर्षांच्या मुलासाठी आज पिल्लू आणलं, तर तो शिकायला पुण्याला जाईल तेव्हा कुत्रा 10 वर्षांचा, म्हातारा असेल. मग त्याला बघणार कोण, हे पिल्लू आणण्याआधी ठरायला हवं.

कुत्रा आईबाबांचाच असावा, मुलाला त्यातली कामं द्यावीत. पाण्याचं भांडं 8 व्या वर्षी जमतं. नुसतं भरायचं नाही, आतून बोट फिरवायचं, बुळबुळीत लागलं की साबणाने घासायचं. मे महिन्यात पाणी दिवसातून तीनदा तरी बदलायचं. काम दात घासण्याच्या वेळेला जोडलं तर टिकतं. पंधरा दिवसांत उत्साह ओसरतोच, म्हणून संध्याकाळी भांडं मोठ्यांनीही बघायचं. मुलाला धडा शिकवायला कुत्र्याला तहानलेलं ठेवू नये. खाऊ घालायच्या हौसेलाही आवर हवा, कारण पोह्यांतला कांदा, शिऱ्यातले बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात.

फिरवताना दोन दोऱ्या लावाव्यात, एक मोठ्यांच्या हातात, एक मुलाच्या. दोरी मनगटाला गुंडाळू देऊ नये. गल्लीतली कुत्री धावून आली की पाळलेला कुत्रा हिसका देतो आणि मूल तोंडावर पडतं. निघण्याआधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर 7 सेकंद टेकवायची. चटका बसला तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत, कानांत, पट्ट्याखाली गोचिड्या शोधायचं काम मुलं मन लावून करतात. काढायची मात्र मोठ्यांनी, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून.

गुरगुरण्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. कुत्रा आधी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. त्याबद्दल त्याला मारलं तर तो गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. त्यामुळे ही लक्षणं मुलाला ओळखता यायला हवीत. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हातही लावू नये.

ब्रिटनमधल्या कुत्र्यांत रेबीज नाही, त्यामुळे इथल्या मुलांना जे शिकवावं लागत नाही ते इंदुरात पहिल्या दिवशी शिकवावं लागतं. दात किंवा नख लागलं की वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी हे टाळू नये. मुलं ओरखडा लपवतात, कारण कुत्र्याला घरातून काढतील अशी त्यांना भीती असते. म्हणून पिल्लू घरात आणतानाच मुलाला सांगून ठेवा, ‘काहीही लागलं तरी लगेच सांग, त्याला आम्ही कुठेही पाठवणार नाही.’