सव्वीस नावांची वाडी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धनच्या आमच्या वाडीतल्या पोफळी अर्ध्यातून मोडल्या. तात्याकाकांनी फोनवर दाखवलं: रोठा जातीच्या सुपारीचे नुसते खुंट उभे, एक माड विहिरीवर आडवा, पाट पाल्याने बुजलेला. सरकारने बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. आमची वाडी १८ गुंठ्यांची, म्हणजे सुमारे नऊ हजार. तेही अडले. सातबारा सामाईक, त्यावर २६ नावं, आणि सगळ्यांची संमतीपत्रं हवीत. कुणी डोंबिवलीला, कुणी बडोद्याला, दोघं कधीच वारलेले, आणि एक मी, जपानात हमामात्सुला. माझी सही दूतावासाचा शिक्का घेऊन गावी पोचली, तोवर काकांनी उसनवारीवर झाडं तोडून वाडी मोकळी केली होती. चाळीस वर्षं शिंपणं त्यांनी केलं. कागदावर ते सव्विसांतले एक.

अधिवेशन लागलं की आमच्या भावकीच्या ग्रुपवर कर्जमाफीचा वाद पेटतो. २०१७ ला झाली, २०१९ ला झाली, पुन्हा हवी की नको? जिथे माणूस कर्जाने पिचलाय तिथे ती द्यावी, याबद्दल मला शंका नाही. पण काकांना या सातबाऱ्यावर पीककर्ज मिळालंच नाही. त्यांचं काय माफ करणार?

कोकणातलं खरं दुखणं एका वाक्यात आहे: ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणारा उद्या मालकी सांगेल. आमच्या शेजारची वाडी मुंबईकर भाऊबंदांची, रान माजलंय. गावातला एक मुलगा ती कसायला तयार आहे. त्याला तोंडी ‘कर’ म्हणतात, लिहून कुणी देत नाही. चार ओळी लिहिल्या तर जमीन जाईल, ही धास्ती. ज्या कूळकायद्याची ही धास्ती, तो फार मोलाचा आहे. खोतीविरुद्ध, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारीविरुद्ध, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी ओस ठेवल्या, उपास काढले. पुढे १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. त्यातलं एक अक्षरही मागे घेऊ नये. पण आजचा मुंबईकर वारस खोत नाही, आणि तो मुलगा मालकी मागत नाही. त्याला दहा वर्षांचा भरवसा हवाय.

जपाननेही महायुद्धानंतर कुळांना जमिनी दिल्या, आणि तिथेही मालक पुढे जमीन भाड्याने द्यायला घाबरू लागले. २०१४ पासून तिथे प्रत्येक प्रांतात सरकारी शेतजमीन बँक आहे. मालक जमीन बँकेला देतो, बँक ती कसणाऱ्याला देते, मुदत संपली की जमीन परत. हमामात्सुतल्याच मिक्काबीला माझ्या ओळखीचे एक आजोबा आहेत, मिकान संत्र्यांचे बागायतदार. शेजारचा उतार त्यांनी असाच घेतलाय. मालक ओसाकाला, दोघांची कधी भेटही नाही. करार मात्र त्यांनी कपाटातून काढून मला दाखवला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. तिथेही गावं म्हातारी झालीत, रानडुकरं बागेत शिरतात, हे कायद्याने थांबलेलं नाही. पण त्या आजोबांना दूरच्या वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागत नाही.

वारसनोंदीचंही तसंच. जपानने १ एप्रिल २०२४ पासून ती तीन वर्षांत करणं सक्तीचं केलं, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. आपल्या महसूल संहितेत तर १९६६ पासून तीन महिन्यांत कळवायचं आहे. कळवतं कोण?

नीती आयोगाने २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला: मालकी मालकाचीच, आणि कर्ज, विमा, नुकसानभरपाई कसणाऱ्याला. कोकणासाठी त्यात एक कलम हवं, की सामाईक जमिनीत हयात हिस्सेदारांच्या बहुमताची संमती पुरावी. आणि पोफळीची भरपाई हेक्टरावर नको, झाडावर द्या. गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरचं माप लागत नाही. आमदारांना कुणी पत्र लिहिणार असेल तर हे लिहा.

मी मे महिन्यात येतोय. वारलेल्या दोघांपैकी एक माझे आजोबा. त्यांच्या वारसनोंदीचा अर्ज घेऊन आधी तलाठ्याकडे जाणार आहे, काकांना बरोबर घेऊन.