पिकपला एलईडी टाकले आणि तीन महिन्यांनी काढले

मंडळी जरा मोठी पोस्ट आहे, पण रात्रीची गाडी मारणाऱ्यांनी वेळ काढून वाचा. रोज कोणीतरी विचारतंय की पिकपला कुठले हेडलाईट टाकू, आणि खाली पन्नास जण एलईडी टाक म्हणून मोकळे होतात. मी पण असंच कोणाचं तरी ऐकून टाकले होते म्हणून लिहितोय.

माझं काम म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर रात्री बर्फातली मासळी भरायची आणि उजाडायच्या आत कोल्हापूर गाठायचं, आंब्याच्या दिवसात तेच पेट्यांचं. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट, आठवड्यातून चार रात्री तरी. गाडी सहा वर्षांची, हेडलाईटला एच फोर बल्ब, म्हणजे तारेचा जुना हॅलोजन, १२ व्होल्ट ६०/५५ वॅट, म्हणजे अप्पर (लांबचा उजेड) ६० आणि डिप्पर (खाली पडणारा उजेड) ५५. हल्ली त्या लाईटमध्ये काही दिसेनासं झालं होतं. पिवळा मळकट उजेड, त्यात पाऊस असला की ओलं काळं डांबर सगळा उजेड पुढे सरकवून टाकतं, आपल्याकडे परत काहीच येत नाही, साईडपट्टी कुठे संपते आणि गटार कुठे सुरू होतं तेच कळत नाही. घाटात एकदा रस्त्यावर आलेला दगड अगदी चाकाजवळ आल्यावर दिसला तेव्हा ठरवलं की आता लाईट बदलायचेच.

नारळी पौर्णिमा झाली, धंदा सुरू झाला, पहिल्या पंधरवड्याच्या पैशातून एलईडी बल्बची जोडी घेतली. पाकिटावर २०,००० ल्युमेन लिहिलेलं, ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. आता मला माहिती आहे की चांगला एच फोर हॅलोजन डिप्परला हजारेक आणि अप्परला साडेसोळाशेच्या आसपास ल्युमेन देतो, आणि तीस-चाळीस वॅटचा एलईडी २०,००० देऊच शकत नाही, पण तेव्हा आकडा बघूनच बरं वाटलं. बसवायला दहा मिनिटं. जुना बल्ब काढला, तोच प्लग याला लावला, मागे पंखा असल्यामुळे हेडलाईटमागचं काळं रबरी कव्हर बसेना तर ते तसंच काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. पहिल्या रात्री घराकडच्या पाखाडीपासून पार वरच्या सड्यापर्यंत, म्हणजे कातळाच्या माळापर्यंत, पांढराशुभ्र उजेड पडला, बायकोला बाहेर बोलावून दाखवला मी.

मग घाट लागला आणि धुकं. ज्यांनी आंबा घाटातलं पावसाळ्यातलं धुकं बघितलंय त्यांना सांगायला नको. समोर पांढरी भिंतच उभी राहिली. उजेड जेवढा जास्त आणि जेवढा वर फेकलेला, तेवढा धुक्याच्या थेंबांवर आपटून तो आपल्याच डोळ्यात परत येतो, त्यामुळे जुन्या पिवळ्या लाईटमध्ये जे दोन कठड्याचे दगड दिसायचे ते पण दिसेनात. शेवटी पार्किंग लाईटवर एका एसटीच्या मागे मागे वर चढलो.

तरी मी काढले नाहीत. खाली सपाटीला मस्त दिसतंय ना, मग घाटातलं बघू नंतर, असंच चाललं होतं.

काढायचं कारण वेगळं झालं आणि ते सांगायलाच ही पोस्ट लिहितोय. एकदा चुलतभाऊ गाडी घेऊन मालगुंडला गेला होता, मी रात्री बाईकवरून आरे-वारेच्या रस्त्याने नेवऱ्याकडे निघालो होतो. तो रस्ता माहिती असेल, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला खाली समुद्र. वळणावरून एक गाडी आली आणि तिचा लाईट असा डोळ्यात घुसला की पुढचं सगळं गेलं. रस्ता नाही, पांढरी पट्टी नाही, समुद्र कुठल्या हाताला आहे ते पण क्षणभर कळेना. ब्रेक मारून डोंगराच्या बाजूला पाय टेकला, गटाराच्या कडेवर होतो. मी डिप्पर मारतोय, ओरडतोय, समोरचा काही कमी करत नाही. गाडी जवळ येऊन थांबली आणि खिडकीतून आवाज आला, "दादा, तू? मला दिसलासच नाहीस रे."

गाडी माझीच होती. आणि तो डिप्परवर होता, मी स्वतः आत वाकून बटण बघितलं. म्हणजे तीन महिने मी रोज रात्री डिप्पर देतोय असं समजून समोरच्या प्रत्येक माणसाला हेच देत होतो. पहाटे बंदरावर सायकलने येणारे काका, टोपल्या घेऊन रिक्षात बसलेल्या मावश्या, रिक्षावाले, सगळ्यांना. डोळे दिपले की दोन-तीन सेकंद तरी काही दिसत नाही, वयस्कर माणसाला त्याहून जास्त, आणि ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. हिशोब करा. मला त्या रात्री झोप लागली नाही.

असं का होतं ते नंतर आमच्या वायरमनने बल्ब हातात घेऊन दाखवलं. एच फोरमध्ये दोन बारीक तारा असतात आणि डिप्परच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते म्हणून रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर जातो. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. एलईडीचा चौकोनी चिप दोन्ही बाजूला चिकटवलेला, जाड, जागा दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे झाली की उजेड फुटतो आणि वर जातो. कंपनीतूनच एलईडी येतो त्या गाडीचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्याच्यासाठीच बनवलेली असते, ते वेगळं. हॅलोजनच्या डब्यात एलईडी कोंबायचा हे वेगळं. दोन्हीला आपण एलईडीच म्हणतो तिथेच घोळ होतो.

कोणी म्हणेल मग प्रोजेक्टर टाक. माझ्या एका मित्राने ऑनलाईन मागवून टाकले, लेन्सवाले, उजेडाची कड एकदम रेषेसारखी कापलेली, बघायला फार सुंदर. पण ती कड उजवीकडे वर चढत होती. आपण डावीकडून गाडी चालवतो, आपली कड डावीकडे वर पाहिजे, म्हणजे साईडपट्टी आणि चालणारी माणसं दिसतात. उजवीकडे वर चढणारी कड उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेली, आपल्याकडे ती थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. घेणारच असाल तर भिंतीवर पाडून बघा आणि मगच पैसे द्या. शिवाय हेडलाईट फोडून परत चिकटवायचा म्हणजे आपल्या खाऱ्या हवेत पाणी आणि मीठ आत जायला वाट करून देणं आहे. माझ्या गाडीत नुसतं ते रबरी कव्हर काढलं होतं तर तीन महिन्यात आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी गेली होती, एका बाजूला तर बोटभर डाग.

तर शेवटी केलं काय. वायरमनने आधी मीटर लावला. गाडी चालू, बॅटरीवर १३.८ व्होल्ट. जुना बल्ब लावून होल्डरच्या मागे बघितलं तर ११.६. मधले दोन-सव्वादोन व्होल्ट कुठे गेले, तर बारीक वायर, स्विचमधला जळका पॉइंट, आणि बॉडीला मारलेला अर्थ, म्हणजे निगेटिव्हची वायर, जो मिठाने हिरवा-पांढरा झालेला. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीसेक टक्के पडतो. माझं सोळा टक्के पडलं होतं, म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड मी वायरीतच घालवत होतो आणि दोष बल्बला देत होतो!

मग रिलेचं वायरिंग टाकलं. दोन रिले, एक अप्परला एक डिप्परला, बॅटरीवरून सरळ अडीच एमएमची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, चिनी मातीचे होल्डर, आणि अर्थ बॉडीला न मारता दोन्ही बाजूचा थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, करंट त्याच्यातून जात नाही. रिफ्लेक्टर गेलेला म्हणून दोन्ही हेडलाईट नवीन घेतले आणि बल्ब परत ६०/५५ चेच, मंजुरीची खूण म्हणून गोलात इ आणि आकडा असलेले, काचेला बोट न लावता बसवले. रबरी कव्हर परत जागेवर. १००/९० चे बल्ब टाकू नका, दोन्ही अप्पर मिळून १६-१७ अँपिअर ओढतात, कंपनीच्या वायरिंगवर टाकून होल्डर वितळलेला मी डोळ्याने बघितलाय.

आता जे कोणीच करत नाही ते, लेव्हल. आमच्या सड्यावर शाळेची चिऱ्याची भिंत आहे, समोर सपाट कातळ. भिंतीपासून १० मीटरवर गाडी, टायरची हवा बरोबर, आणि हौद्यात लोड. लोड का, तर रिकाम्या गाडीवर लेव्हल केलेला लाईट माल भरला की आकाशात जातो. समजा मागचे स्प्रिंगचे पाटे ६ सेंटीमीटर बसले आणि पुढच्या-मागच्या चाकात ३ मीटर अंतर धरलं तर उजेड दर मीटरला २ सेंटीमीटर वर चढतो, ५० मीटरवर एक मीटर! आपण सगळे गॅरेजला रिकामी गाडी नेतो, तिथे ठीक दिसतं, आणि रात्री मासळी भरून निघतो. मी नेहमीच्या लोडएवढे भरलेले क्रेट चढवले, हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारली आणि डिप्परची कड तिच्या १० सेंटीमीटर खाली आणली. मागचे स्क्रू गंजलेले होते, तेल टाकून अर्धा तास गेला. काही गाड्यांना डॅशबोर्डवर शून्य ते तीनचा छोटा खटका असतो, तो ह्याच्यासाठीच आहे, वापरा.

धुक्यासाठी पिवळे फॉग लॅम्प घेतले, बंपरच्या खालच्या बाजूला, तोंड खाली. फॉगचा उजेड रुंद आणि चपटा असतो, खालून जातो म्हणून धुक्यावर आपटून डोळ्यात कमी येतो. टपावर लावतात त्या लाईटच्या पट्ट्यांचं उलटं आहे, डोळ्याच्या वरून उजेड जातो आणि पावसात सगळं समोर पडद्यासारखं चमकतं. गेल्या महिन्यात घाटात दाट धुकं होतं, अप्पर बंद, डिप्पर आणि फॉग, हळू पण नीट वर आलो.

एलईडीइतका पांढरा झगझगाट नाही, हे खरं आहे. पण दगड दिसतो, म्हैस दिसते, कडेने चालणारा माणूस दिसतो.

कायद्याचं पण सांगतो, कारण विचारणारे आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमात लिहिलंय की समोर ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला आपला लाईट दिपवता कामा नये. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल केला तर एकेका बदलाला ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण मला दंडाचं एवढं वाटत नाही. मला राग त्या वाक्याचा येतो जे प्रत्येक जण बोलतो, की समोरचा डिप्पर देत नाही तर मी का देऊ, त्याने पांढरे टाकले म्हणून मी टाकले. अरे त्याला दिसेनासं झालं तर तो येणार कुणाच्या अंगावर? आपल्याच ना! आपले रस्ते केवढे, दोन पिकप समोरासमोर आल्या की एकाला गडग्याला घासून उभं राहावं लागतं, तिथे समोरच्याला आंधळा करून काय मिळतं.

रिले, वायरिंग, बल्ब, हेडलाईट, फॉग सगळं धरून एलईडीच्या जोडीपेक्षा खर्च जास्त झाला, खोटं बोलणार नाही. पण एकदम करायला पाहिजे असं नाही. आधी मीटर लावून घ्या आणि लेव्हल करून घ्या, या दोन गोष्टींना फार तर चहापाण्याएवढे पैसे लागतात, बाकी नंतर.

आमच्या सड्यावरच्या भिंतीवर माझ्या खुणा अजून आहेत. आसपासच्या कोणाला करायचं असेल तर येत्या रविवारी संध्याकाळी अंधार पडल्यावर मी तिथे आहे, स्क्रू-ड्रायव्हर, टेप आणि मीटर माझ्याकडे आहे. येताना गाडी लोड घालून आणा, रिकामी आणून उपयोग नाही.