शकुनाचा एक युरो

सांगलीत हरभट रोडवर आहेराचं पाकीट मिळतं, त्यावर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं. आत पाचशे घाला नाहीतर पाच हजार, शकुन पाकिटाच्याच किमतीत येतो. लेकीच्या हातावर ठेवलं, तिने वाकून नमस्कार केला, व्यवहार संपला. पॅन नाही, पावती नाही, ‘कशासाठी देताय?’ असं विचारणारं कोणी नाही.

हे झालं लेक सांगलीत असेल तर. ती म्युनिकला असेल, तिथे फ्लॅट घेत असेल आणि आईबापांच्या मनात ‘आपल्याकडून काहीतरी’ आलं, तर त्या पाकिटाची जागा एक फॉर्म घेतो. त्याचं नाव ए-२.

मुळात विश्रामबागेत सगळ्यांचा पक्का समज असा, की पोरं परदेशी गेली म्हणजे पैसा तिकडून इकडे येतो. बँकेतल्या मुलालाही तसंच वाटतं. ‘इनवर्ड ना काका?’ असं विचारत तो हसून खुर्ची देतो. ‘आउटवर्ड’ म्हटलं की हसू तिथेच राहतं आणि तो साहेबांना बोलवायला जातो. साहेब येतात आणि आपल्याकडे असे बघतात, की जणू कृष्णा आयर्विन पुलाखालून उलटी वाहायला लागली.

पहिली ठेच बँकेच्या दारातच लागते. ज्या सहकारी बँकेत चाळीस वर्षं खातं आहे, जिथला शिपाई आपल्याला काका म्हणतो, तिथे परकीय चलनाचा परवाना बहुधा नसतो. मग मोठ्या बँकेत नवं खातं. आणि तिथे दुसरी ठेच. ज्या बँकेतून पैसे पाठवायचे तिथलं खातं किमान वर्षभर जुनं असावं, असं बऱ्याच बँकांचं म्हणणं. नसेल तर आधीच्या बँकेचा वर्षाचा उतारा किंवा शेवटचं आयकर विवरणपत्र दाखवायचं. पैसा आला कुठून, एवढंच त्यांना बघायचं असतं. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा, की पोरगी परदेशी निघाली की तिच्या बॅगेत कांदा-लसूण मसाला भरतानाच हे खातं उघडून टाकावं. वर्ष असंच निघून जातं.

पैसे जातात ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेतून. ती २००४ साली सुरू झाली तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती. आता माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. या मर्यादेमुळे झोप उडालेलं घर आमच्या गल्लीत तरी नाही. झोप उडते ती ‘माणशी’ या शब्दाने. माणूस म्हणजे माणूसच. हळदीच्या पेढीचं चालू खातं नाही, भागीदारी नाही, हिंदू अविभक्त कुटुंबही नाही. पेढीतला पैसा आधी रीतसर स्वतःच्या बचत खात्यात आणायचा, मग पुढचं बोलायचं.

‘तिचं इथलं जुनं खातं आहे की, त्यात टाकू,’ असा एक शहाणपणा घरोघरी निघतो. लेक अनिवासी झाली की ते साधं बचत खातं साधं राहत नाही, त्याचं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या पैशांसाठीचं खातं करून घ्यावं लागतं. तशा खात्यात आईबापांनी रुपयांत भेट दिली तर चालते, फक्त रोख नको, चेकने नाहीतर ऑनलाइन. पण तीही त्याच अडीच लाख डॉलरांत मोजली जाते. एनआरई, म्हणजे तिच्या तिकडच्या कमाईच्या खात्यात मात्र इथले रुपये टाकता येत नाहीत.

आता तो फॉर्म. त्यात हेतूचा कोड लिहायचा असतो आणि इथेच निम्मी सांगली चुकते. एस १३०१ म्हणजे कुटुंबाचा चरितार्थ, एस १३०२ म्हणजे भेट. जर्मनीत नोकरी करणाऱ्या बत्तीस वर्षांच्या मुलीचा चरितार्थ सांगलीहून चालतो असं लिहिलं, तर कागद परत येतो. भेट आहे ना, मग १३०२.

नाव पासपोर्टवरचं नाही, घरातलं तर नाहीच. तिच्या तिथल्या बँक खात्यावर जे आहे ते, अक्षर न् अक्षर. लग्नानंतर आडनाव कुठे बदललं आणि कुठे राहिलं हे जावयाला विचारू नये, त्यालाही ठाऊक नसतं.

जर्मन खात्याला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक असतो, बरोबर २२ अक्षरांचा. पहिली दोन इंग्रजी अक्षरं, डी आणि ई. पुढे सगळे आकडेच. तिथे ‘ओ’ दिसला तर तो शून्य आहे, चष्मा पुसावा. बँकेची ओळख सांगणारा स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा. पत्त्यात खरी गंमत आहे. जर्मन रस्त्याच्या नावात शेवटाकडे इंग्रजी ‘बी’सारखं पोट सुटलेलं एक अक्षर येतं. ते ‘बी’ नव्हे, ते जोडीचं ‘एस’ आहे. बँकेच्या संदेशात ते अक्षर चालत नाही, म्हणून सरळ दोन ‘एस’ लिहावेत. ‘यू’वर दोन टिंबं असतील तर टिंबं काढून पुढे ‘ई’ जोडावा. हा धडा व्हॉट्सॲपवर लेकीकडून टाइप करून मागवावा. फोटो मागवू नये, फोटोवरून उतरवताना ‘बी’ परत येतो.

सही पॅनवरच्यासारखी. तिसावं वर्ष आणि पासष्टावं वर्ष यांच्या सह्यांत गुडघ्यांइतकाच फरक पडलेला असतो, तेव्हा घरी दोन-तीनदा सराव करून जावं.

मग दर. गणपती पेठेत भडंग घेताना पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस इथे फळ्यावरचा दर बघून मान डोलावतो. फळ्यावरचा दर हा वाटाघाटीची सुरुवात आहे, शेवट नव्हे. बाजारभावावर एक टक्का जास्त घेतला तरी पाच लाखांवर पाच हजार गेले. ‘ट्रेझरीतून चांगला दर मागवा’ एवढं वाक्य पाठ करावं. ते दुपारच्या आत म्हणावं, कारण त्यानंतर त्या दिवसाचा सौदा बंद होतो. एक मेला जाऊच नये. इथे महाराष्ट्र दिन आणि तिथे युरोची देवघेवही बंद.

चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, पण पाच लाखांवर १८ टक्के नाही, घाबरू नका. पहिल्या लाखाचे एक हजार आणि वरच्या चार लाखांचा अर्धा टक्का म्हणजे दोन हजार, अशी तीन हजार किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के. झाले ५४० रुपये. आपण ५,००,००१ पाठवले तर त्या शकुनाच्या रुपयावर ०.०९ पैसे जीएसटी पडतो, मी हिशेब केला आहे.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, हे प्रकरण मोठं. आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. बारा लाख पाठवले तर वरच्या दोन लाखांचे ४० हजार बँक कापून घेते. हा दंड नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर सरकारकडे आपली बिनव्याजी ठेव. दहा लाख मोजताना वर्षभरात सगळ्या बँकांतून पाठवलेलं एकत्र धरतात. मात्र आईचं पॅन वेगळं, बाबांचं वेगळं. आईच्या खात्यात आईचे स्वतःचे पैसे असतील तर दोघांचे दहा-दहा होतात. आणि काही मार्चमध्ये, काही एप्रिलमध्ये पाठवले तर वर्ष बदलतं. ही युक्ती नाही, हे कॅलेंडर आहे.

भेटीवर इथे देणाऱ्याला कर नाही, जुना भेटकर १९९८ सालीच गेला. लेक, मुलगा, जावई यांच्या नावे दिलं की विषय संपला. सुनेच्या नावे दिलं, तर त्या पैशावर तिला जे व्याज मिळेल ते सासऱ्यांच्या उत्पन्नात धरतात. सून आणि जावई यांच्यात भेद करू नये असं सगळे म्हणतात. आयकर खातं तेवढं प्रामाणिक आहे.

तिकडचं तिने बघायचं. जर्मनीत आईकडून आणि बाबांकडून दहा वर्षांत प्रत्येकी चार लाख युरोपर्यंत भेटकर नाही, पण तिथल्या कर कचेरीला तीन महिन्यांत कळवायचा नियम आहे. लेक अमेरिकेत असती आणि वर्षात एक लाख डॉलरच्या वर मिळाले असते, तर तिने ३५२० नंबरचा फॉर्म भरायचा. कर शून्य, फॉर्म चुकवला तर दंड भक्कम.

सोबत एक साधं भेटपत्र लिहावं. तिची गृहकर्जाची बँक ते हमखास मागते. हे कर्ज नव्हे, परत मागणार नाही, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा नाही. या तिसऱ्या वाक्यावर आईची सही घेताना वेळ लागतो. तिच्या अपेक्षा बऱ्याच असतात, रविवारच्या व्हिडिओ कॉलपासून नातवाच्या मराठीपर्यंत.

उरला शकुनाचा एक. तो रुपयांत धरू नये. ५,००,००१ रुपयांचे युरो केले की दशांश चिन्हापुढे काय निघेल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. फॉर्मवर रक्कम युरोत लिहावी, ५,००१, आणि रुपयांची बाजू वाकडी होऊ द्यावी. शेवटी खर्चाचा रकाना असतो. त्यात ‘ओयूआर’ म्हणजे सगळा खर्च आपला, ‘एसएचए’ म्हणजे वाटून. शेअर करणं चांगलंच, म्हणून बाबा एसएचएवर खूण करतात. मग वाटेतली एखादी बँक आपला वाटा त्या भेटीतूनच काढते.

तीन दिवसांनी लेकीचा मेसेज येतो, ‘बाबा, ४,९८६ आले.’ चष्मा वर करून आई म्हणते, ‘अपशकुन नको, वरचे पंधरा आत्ताच्या आत्ता पाठवून द्या.’ पंधरा युरोंना पुन्हा ए-२, पुन्हा १३०२, पुन्हा सही.