'द इको मेकर' वाचताना पक्ष्यांची पानं गाळू नका

रिचर्ड पॉवर्सची 'द इको मेकर' ही कादंबरी वाचलेले बरेच जण म्हणतात की बहीणभावाची गोष्ट जबरदस्त आहे पण मधेमधे ते क्रौंच पक्षी कशाला, आम्ही ती पानं सरळ उडवली. मला हे अजिबात पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गोष्ट अमेरिकेतल्या नेब्रास्काची. कर्नी गावाजवळ रात्री मार्कचा ट्रक उलटतो, डोक्याला जबर मार लागतो. मोठी बहीण कॅरिन धावत येते, त्याचं सगळं करते, आणि तो बोलायला लागल्यावर म्हणतो तू माझी बहीण नाहीस, तिच्यासारखी दिसणारी कोणीतरी तोतया आहेस. लहानपणीचं फक्त तिलाच ठाऊक असलेलं ती सांगते, तर त्याला वाटतं हिला चांगलंच पढवून पाठवलंय!

ह्याला कॅपग्रा सिंड्रोम म्हणतात, १९२३ पासून वैद्यकात नोंद आहे. एक स्पष्टीकरण असं की चेहरा ओळखू येतो, पण आपलं माणूस दिसल्यावर आत जे हलतं ना तेच हलत नाही, मग मेंदू स्वतःची समजूत घालतो की ही ती नव्हेच. म्हणून संशय परक्या नर्सवर नाही, सगळ्यात जवळच्यावर. मेंदूवर संशोधन करणारे डॉ. रामचंद्रन यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या एका केसमधे तर पेशंटला समोर बसलेले आईवडील तोतये वाटायचे आणि फोनवर तेच खरे वाटायचे. मार लागला मार्कला, पण वाचताना जीव तुटतो तो कॅरिनसाठी, रात्रंदिवस करायचं आणि ज्याच्यासाठी करायचं त्यानेच विचारायचं की तू कोण.

आता पक्षी. दर वसंतात पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रौंच तिथल्या प्लॅट नदीवर थांबतात, दिवसा शेतात सांडलेला मका खातात आणि रात्री उथळ पाण्यात उभ्याने झोपतात, कारण कोयोटी (लांडग्यासारखा शिकारी प्राणी) आला तर पाणी वाजतं. हा रस्ता पिल्लं आईबापांच्या मागे उडून शिकतात. पण धरणं आणि कालव्यांनी पाणी ओढून घेतलं, वाळूचे पट्टे धुवून काढणारे पूर गेले, पात्रात झाडं माजली, नदी अरुंद झाली आणि पक्षी उरलेल्या तुकड्यात दाटीवाटीने उतरतात. कादंबरीत तर पक्षी बघायला येणाऱ्या टूरिस्टांसाठीच मोठा प्रोजेक्ट उभा करायचा घाट घातलाय आणि त्याला पाणी हवंय ह्याच नदीचं.

मार्क खऱ्या बहिणीला खोटी म्हणतो म्हणून सगळं गाव हळहळतं, आणि नदी खरोखरच बदलून टाकलीय तरी ती तीच प्लॅट आहे असं सगळे धरून चाललेत! मला हे इतकं लागलं की पुस्तक काही वेळ मिटून ठेवावं लागलं. पक्ष्यांची पानं गाळलीत तर हे हाताला लागणारच नाही.

मार्कला तपासायला येणाऱ्या वेबर नावाच्या प्रसिद्ध न्यूरोलॉजिस्टचा भाग मात्र मला लांबलेला वाटला, त्याची स्वतःबद्दलची घालमेल पटते पण तेच तेच फार येतं. २००६ चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालंय तरी हे म्हणणारच.

आणि घरात कोणाला नुकताच डोक्याला मार लागला असेल तर सध्या थांबा, हॉस्पिटलमधले सुरुवातीचे दिवस फार जवळून लिहिलेत, झेपणार नाहीत.