‘बुडूच शकत नाही’ म्हणे!

काल रात्री शारजाहून भावोजींनी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "ग्रॅच्युइटी इथल्याच इस्लामी बँकेत ठेवतो." पंधरा वर्षं उन्हातान्हात राबून मिळालेले पैसे आहेत ते, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेज सांगतो की या बँकांचं खरं भांडवल पैसा नसून माणसांचं ज्ञान आहे, त्यातूनच नफा वाढतो हे संशोधनानं सिद्ध झालंय, त्या व्याज घेत नाहीत, 2008 मध्ये त्यांना धक्काही लागला नाही आणि म्हणून त्या बुडूच शकत नाहीत.

संशोधन आहे, खोटं नाही. नवाझ आणि हनिफा यांनी 2017 मध्ये 18 देशांतल्या 64 इस्लामी वित्तसंस्थांचा अभ्यास छापला. 'बौद्धिक भांडवल', म्हणजे माणसांचं ज्ञान आणि संस्थेची घडी, जास्त तिथं मालमत्तेवरचा परतावा जास्त, असं त्यात दिसलं. पण ज्ञान मोजलं कसं? अर्थतज्ज्ञ पुलिक यांच्या सूत्रानं. नफा, पगार आणि घसारा मिळून होते मूल्यवृद्धी. तिला पगारखर्चानं भागलं की 'मानवी भांडवला'चा आकडा मिळतो. मूल्यवृद्धी 300 आणि पगार 100 असेल तर उत्तर 3. आता 20 चे पगार कापले आणि ते नफ्यात गेले, तर मूल्यवृद्धी 300 च राहते, पगार उरतो 80 आणि उत्तर येतं 3.75. माणसं घरी पाठवली आणि मानवी भांडवल वाढलं! शिवाय नफा या सूत्राच्या पोटातच आहे, मग नफ्याशी नातं जुळलं तर नवल काय? बँकेची घडी, कार्यपद्धती म्हणजे संरचनात्मक भांडवल. त्याचा परताव्याशी ठोस संबंध याच अभ्यासात सापडला नाही. ते मेसेजनं गाळलंय.

व्याजाचं थोडक्यात सांगते. मुराबहा, म्हणजे नफा जोडून विक्रीचा करार; त्यात बँक 60,000 दिरहमची गाडी आधी स्वतः घेते आणि समजा 69,000 ला हप्त्यांनी विकते. कराराचा प्रकार वेगळा आहे, हे खरं. पण वरचे 9,000 आपल्याच खिशातून जातात.

2008 चं अर्धं खरं आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 2010 च्या अभ्यासात त्या वर्षी या बँकांचा नफा कमी घटलेला दिसतो. पुढच्याच वर्षी काही देशांत तो इतर बँकांपेक्षा जास्त घसरला आणि कारण निघालं जोखीम सांभाळण्यातला ढिसाळपणा.

आणि बुडत नाहीत? तुर्कस्तानात इहलास फिनान्स ही व्याजमुक्त वित्तसंस्था होती. फेब्रुवारी 2001 मध्ये तिचा परवाना रद्द झाला आणि तिथल्या ठेवींना सरकारी हमी नव्हती. लोक आपल्याच पैशांसाठी ताटकळले. हे लपवून कष्टकऱ्यांना 'बुडूच शकत नाही' सांगणं हा गुन्हाच आहे.

भावोजी, सही करण्याआधी कागदावर 'मुदारबा' (नफ्यातल्या वाट्यावर ठेवलेली ठेव) शब्द आहे का ते बघा. असेल तर धंद्यातला तोटा ठेवीदाराचा. बँकेचा दोष वा हलगर्जी सिद्ध झाली तरच तो बँकेवर. कागदाचा फोटो पाठवा, रात्री फोनवर ओळ न् ओळ वाचू.