युरोपने पास केलं, म्हणून इथे कशातही मारायचं?

पुणे जिल्ह्यातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आशय असा: युरोपने सगळ्या तपासण्या करून ग्लायफोसेट या तणनाशकाला आणखी दहा वर्षं मंजुरी दिली, म्हणजे ते सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं. कॅन्सरची बोंब खोटी निघाली. मातीत पडलं की ते निष्क्रिय होतं. तेव्हा आपल्याकडच्या निर्बंधांकडे बघू नका. ऊस, द्राक्ष, कापूस, कशातही बिनधास्त मारा. खाली हात जोडल्याची चिन्हं आणि 'जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवा'.

सगळी तणनाशकं बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही, आणि हराळी-लव्हाळा खुरप्याला दाद देत नाहीत. पण मेसेजमधली प्रत्येक ओळ अर्धी खरी आहे, आणि नुकसान उरलेल्या अर्ध्यात आहे.

'युरोपने मंजुरी दिली.' दिली, पण कशी? ऑक्टोबर २०२३ मध्ये सदस्य देशांनी मतदान केलं; आवश्यक बहुमत ना बाजूने झालं ना विरोधात. नोव्हेंबरमध्ये अपील समितीत पुन्हा तेच. फ्रान्स आणि जर्मनी तटस्थ राहिले. जुनी मुदत १५ डिसेंबरला संपत होती, आणि देशांचं जमलं नाही तर निर्णय युरोपीय आयोगाने घ्यायचा असा तिथला नियम आहे. आयोगाने १५ डिसेंबर २०३३ पर्यंत मुदत वाढवली. त्याआधी जुलैमध्ये तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चिंतेचा गंभीर मुद्दा आढळला नाही असं म्हटलं होतं, हे मेसेजवाल्यांचं बरोबर. पण त्याच निष्कर्षात, तपासलेल्या २३ वापरांपैकी १२ वापरांत रानातल्या सस्तन प्राण्यांना दीर्घकाळात मोठा धोका दिसतो, असंही नोंदवलेलं आहे. मंजुरीसोबत अटी आल्या. कापणीआधी उभं पीक वाळवण्यासाठी हे फवारायला मनाई झाली.

शिवाय ब्रुसेल्समध्ये मंजूर होतो तो मूळ घटक. दुकानातला डबा कोणत्या पिकात, किती आणि कधी वापरायचा, हे पुढे प्रत्येक देश वेगळं ठरवतो. टॅलो अमाइन नावाचा एक सहायक पदार्थ ग्लायफोसेटच्या डब्यात चालणार नाही, असं युरोपने २०१६ सालीच ठरवलं. ती अट नारायणगावच्या कृषी सेवा केंद्रातल्या डब्याला लागू होत नाही. मेसेज पाठवणारा तिथली परवानगी इथे आणतो, अटी मात्र तिथेच ठेवून येतो.

द्राक्षवाल्यांना तरी हे नव्याने सांगायला नको. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडली ती क्लोरमेक्वॉट क्लोराइडच्या, म्हणजे आपल्या सीसीसीच्या अंशामुळे. हे रसायन युरोपात बंद होतं का? मुळीच नाही. गव्हाची उंची आवरायला तिथले शेतकरी तेच वापरत होते. गव्हात चालतं, द्राक्षात तेवढा अंश चालत नाही, एवढंच. त्या एका हंगामात निर्यातदार आणि बागायतदार दोघेही पोळले. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र द्राक्षासाठी लेबल क्लेम (म्हणजे त्या पिकात वापरायची नोंदणीकृत परवानगी) असलेल्या औषधांची यादी काढतं, फवारणी आणि काढणीत किती दिवस ठेवायचे ते तीत लिहिलेलं असतं, आणि निर्यातीच्या बागेला ती पाळावीच लागते. 'युरोपात चालतं' हे उत्तर तिथे कुणी ऐकून घेत नाही.

आता आपल्याकडचे निर्बंध. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नोंदणी फरीदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे. ग्लायफोसेट ४१ टक्के एसएलचा (पाण्यात मिसळायच्या द्रावणाचा) लेबल क्लेम आहे चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा यांच्यासाठी. ऊस त्यात नाही, द्राक्ष नाही, कापूसही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच वापरायचं. हा आदेश मलाही अर्धवट वाटला. गावात पेस्ट कंट्रोलवाला कुठून आणायचा? उद्योग त्याविरुद्ध कोर्टातही गेला. पण त्या आदेशाचं काहीही होवो, लेबल क्लेम त्याच्या आधीपासूनचा आहे.

कापसाचं तर विचारूच नका. साध्या कापसावर ग्लायफोसेट पडलं तर कापूसच मरतो. टिकतो तो एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारा जनुकीय बदल केलेला कापूस, आणि त्या बियाण्याला देशात मंजुरी नाही. जुन्नर-आंबेगावात कापूस लावतो तरी कोण, मेसेज बहुधा विदर्भातून फिरत आलाय.

'कॅन्सरची बोंब खोटी.' जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेट '२ अ' गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची संभाव्यता. ते वर्गीकरण मागे घेतलेलं नाही. त्याच गटात लाल मांस आहे आणि ६५ अंशांवरचं गरम पेयही आहे, कारण हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, किती मात्रेने काय होईल ते नाही. २०१६ मध्ये त्याच संघटनेच्या आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने सांगितलं की आहारातून जाणाऱ्या अंशामुळे कर्करोगाचा धोका संभवत नाही. लोकांना हे परस्परविरोधी वाटतं. पण 'आहारातून' हा शब्द सुटता कामा नये. ताटातल्या अंशाचा हिशेब वेगळा. पाठीवरचा पंप गळतोय, शर्ट भिजलाय, हातमोजे नाहीत आणि झाकणाने माप घेऊन हातानेच ढवळलंय, त्या माणसाचा वेगळा. मेसेज वाचणारा बहुतेक हा दुसरा माणूस असतो.

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणानेही फसू नये. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध एकदम पोटात किंवा कातडीतून अंगात गेलं तर किती घातक, एवढंच सांगतात. वर्षानुवर्षं फवारण्याबद्दल त्रिकोण काही बोलत नाही.

मातीचं बरंचसं खरं आहे. ग्लायफोसेट चिकणमातीला घट्ट चिकटतं, म्हणून उगवणीपूर्व मारून काही उपयोग नसतो. चिकटलं म्हणजे संपलं मात्र नाही. जिवाणू ते हळूहळू मोडतात, आणि जमीन-हवामानाप्रमाणे त्याला काही दिवस ते काही महिने लागतात.

राहिलं 'कशातही मारा'. ग्लायफोसेट आंतरप्रवाही आणि अनिवडक आहे, हिरवं दिसेल त्यात शिरतं. द्राक्षवेलीच्या बुडाशी आलेल्या फुटव्यावर उडालं की ते खोडात आणि मुळात उतरतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. पुढच्या छाटणीनंतर फूट निघते ती बारकी, पिवळट, पानं अरुंद, आणि मालक झिंकची कमतरता म्हणून फवारे घेत बसतो. टू-फोर-डी या दुसऱ्या तणनाशकाचंही तसंच. उसात ते मंजूर आहे, पण वारं असताना शेजारच्या उसात मारलं की द्राक्षाच्या शेंड्याची पानं पंख्यासारखी दुमडतात, शिरा एकमेकींजवळ ओढल्या जातात.

डब्यासोबत एक घडी घातलेलं पत्रक येतं. बहुतेक वेळा ते बॉक्ससकट उकिरड्यावर जातं. त्यात पिकांची नावं छापलेली असतात. आपलं पीक त्यात नसेल आणि बाग बसली, तर कंपनीचा माणूस पाहणीला येऊन पहिला तोच कागद उघडेल. मेसेज कुणी पाठवला होता, हे तो विचारणार नाही.